अकरा मसुदे

"पॉप घे," अण्णा आतल्या खोलीतून म्हणाले. "दोन प्रकार दाखवेल. त्यातलं पॉप घ्यायचं. दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस."

"अजून तिथवर पोचलेच नाही," बाई म्हणाल्या. "नाव मागतंय."

"मग दे की. पूर्ण दे. माझं, वडिलांचं, मग आडनाव."

बाईंनी नवऱ्याचं लांबलचक नाव एकेक अक्षर शोधत टाइप केलं. कॉम्प्युटर कालच आला होता. पडद्यावरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात अजून चिकटलेलं होतं, कारण ते काढायचं की ठेवायचं यावर नवरा-बायकोचं एकमत झालं नव्हतं.

अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. डावा डोळा आधीपासूनच नावापुरता. डॉक्टरांनी वाकणं, वाचणं आणि पडद्याकडे बघणं बंद सांगितलं होतं. बोलणं बंद सांगायचं राहून गेलं होतं. नेमका त्याच आठवड्यात जुन्या कॉम्प्युटरने राम म्हटला. अण्णा निवृत्त कर्मचारी मंडळाचे चिटणीस होते आणि रविवारच्या बैठकीची सूचना बेचाळीस सभासदांना जायची होती. ती गेली नाही तर मंडळ बुडेल अशी त्यांची खात्री होती. म्हणून लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच त्यांनी आपली मेल बायकोच्या हाती दिली, तीही नाइलाजाने.

अण्णा नकाशांच्या कचेरीत रेकॉर्डकीपर होते. तिथे त्यांची ख्याती अशी, की त्यांच्या कपाटातून कागद गहाळ झाला नाही आणि त्यांच्या हातून एक चिटोरा फाडला गेला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच कारभार घरात चालू केला. इस्त्री मोडून भंगारात गेली त्याला बारा वर्षं झाली, पण तिचं हमीपत्र अजून जागेवर होतं. बाई कधी म्हणाल्या, "अहो, हे टाकू का?" तर ते दुखावल्यासारखे बघत. "टाकायला काय लागतं? ठेवायला अक्कल लागते."

बाईंची नोकरी इस्पितळातल्या टेलिफोन ऑपरेटरची. एकतीस वर्षं. त्यांचं खरं नाव निम्म्या इस्पितळाला माहीत नव्हतं, सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मोठ्या ऑपरेटरने सांगितलं होतं, फोन जोडून दिला की कानावरचं काढून ठेवायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. बाईंनी ते इतकं अंगी बाणवलं होतं, की घरातला कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत असून अण्णा मेल बघायला बसले की त्या उठून दुसरीकडे जात. अण्णांना याचं कौतुक होतं. चारचौघांत ते सांगतही, आमच्या हिला चौकशा करायची सवय नाही.

गेल्या वर्षी मात्र बाईंनी वाचनालयातल्या वर्गात नाव घातलं. साठीच्या पुढच्यांसाठी कॉम्प्युटर, आठवड्यातून दोन दिवस. शिकवणारी मास्तरीण तिशीतली, आवाज खणखणीत, आणि एकच गोष्ट दहादा विचारली तरी न चिडणारी. मेलचं खातं प्रोग्राममध्ये कसं बसवायचं याचा एक कागद तिने सगळ्यांना दिला होता. तोच आता बाईंच्या मांडीवर होता. पत्ता, पासवर्ड, येणाऱ्या टपालाचा सर्व्हर, जाणाऱ्या टपालाचा सर्व्हर.

"पासवर्ड मागतंय," बाई म्हणाल्या.

आत पलंग करकरला, सपाता घासत अण्णा दारात आले, चौकट धरून उभे राहिले आणि घरात तिसरं माणूस नसताना कुजबुजत म्हणाले, "कपाट सत्तावीस. आकड्यात. आणि लिहून ठेवू नकोस कुठे."

"नाही ठेवत. तुम्ही पडा बघू."

"पॉप आलं का?"

"येईल तेव्हा सांगते."

अण्णा गेले आणि लगेच ते आलंच. दोन गोल, एकापुढे आयमॅप, एकापुढे पॉप. प्रोग्रामने स्वतःच आयमॅपच्या गोलात ठिपका दिलेला होता. मास्तरणीच्या कागदावरही आयमॅपच्या खाली दोन रेघा होत्या. वर्गात तिने समजावून सांगितलं होतं, की टपाल एका मोठ्या कपाटात असतं, ते दूर कुठेतरी. पॉप म्हणजे त्या कपाटाचा फक्त वरचा कप्पा उघडून आलेली पत्रं घरी आणायची. आयमॅप म्हणजे अख्खं कपाट, सगळ्या कप्प्यांसकट, समोर उघडं. जुनं मशीन मेलं तरी काही हरवत नाही.

बाईंना वाटलं, हे बरं की. यांचं एवढं जिवापाड जपलेलं, नव्या मशीनवर सगळं जिथल्या तिथे दिसलं तर खूशच होतील. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक वाटलं. कधी नव्हे ती एक गोष्ट आपल्याला यांच्यापेक्षा जास्त कळतेय, तर एकदा तरी आपल्या मनाने करून बघू. त्यांनी ठिपका होता तिथेच राहू दिला.

"घेतलंस का पॉप?"

"घेतलं."

सदतीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याशी फारसं खोटं बोलल्या नव्हत्या. हे एवढंसं बोलताना त्यांना हसू आलं.

डाव्या बाजूला एकेक कप्पा उतरायला लागला. आलेली. पाठवलेली. मसुदे. मग अण्णांनी स्वतः केलेले, अगदी त्यांच्या शिस्तीत: मंडळ, वीज, दवाखाना, दुरुस्ती. सगळ्यांत शेवटी, मेहुणी.

बाईंचा हात माऊसवर तसाच राहिला.

अण्णांना मेहुणी एकच होती, ती म्हणजे बाईंची धाकटी बहीण, बबी. आणि बबीने गेल्या नऊ वर्षांत या घरात एक ओळही लिहिली नव्हती.

निदान बाईंना तसं माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई आठ दिवसांच्या आजारात गेली आणि बाई नवव्या दिवशी पोचल्या. महिन्याभराने बबीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "तू जगाचे फोन जोडत बसलीस ताई, आणि इथे आई तुझं नाव घेत गेली." बाईंनी फोन ठेवून दिला. ज्या बाईने नोकरीत कुणाचा फोन मधेच तोडला नव्हता, तिने बहिणीचा तोडला. चार महिने मनाशी झगडून त्यांनी परत लावला, तर नंबर बंद. बबी गाव बदलून गेली होती. मध्ये दुवा व्हावा असं कुणी नातेवाईकही उरलं नव्हतं. मग बाई अण्णांना म्हणाल्या, "तिच्या मेलवर लिहायचंय मला. मी सांगते, तुम्ही टाइप करा."

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. अण्णांनी मान खाली घालून, शेवटची ओळ सोडता एक शब्द मध्ये न बोलता टाइप केलं, शेवटी मोठ्याने वाचून दाखवलं, एक बटण दाबलं आणि म्हणाले, "गेलं."

पुढे दरवर्षी बबीच्या वाढदिवसाला एक पत्र. कधी मध्येच एखादं. अण्णा उत्साहाने बसत, पहिल्या पत्रापासून सुचवतही. "'उत्तर दिलं नाहीस तरी चालेल' असं नको लिहायला. 'सवडीने उत्तर दे' असं घालू." आणि शेवटी तेच, गेलं. आठवड्याने बाई विचारत, काही आलं का? अण्णा मान हलवत. एकदा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी खिशातला रुमाल काढून दिला होता. "जाऊ दे गं. तू तुझं केलंस. तिला नसेल ठेवायचं, तर आपण काय करणार?"

बाईंनी 'मेहुणी'वर टिचकी मारली.

चौतीस पत्रं. एकही ठळक अक्षरात नव्हतं, म्हणजे सगळी वाचलेली. सगळ्यांत खालचं नऊ वर्षांपूर्वीचं, बाईंच्या पहिल्या पत्रानंतर आठवड्याचं. ताई, मला असं बोलायला नको होतं. आम्ही इकडे राहायला आलो. नवा नंबर खाली देतेय. तू फोन ठेवलास, आता आपण होऊन लावायचा धीर होत नाही; तू ओरडलीस तरी चालेल, पण फोन कर.

त्या एकापाठोपाठ एक उघडत गेल्या. ताई, मुलगी पहिली आली. ताई, आईच्या त्या करड्या स्वेटरसारखा विणायला घेतलाय, गळ्याचे टाके कसे कमी करायचे ते तुलाच माहीत. ताई, माझं ऑपरेशन आहे, घाबरले नाहीये, तरी पण. ताई, तुझा राग एवढा लांब असेल असं वाटलं नव्हतं. हळूहळू पत्रं आखूड होत गेली होती. एकात फक्त एवढंच होतं, ताई, आज आईचा दिवस.

सगळ्यांत वरचं बबीचं नव्हतं, तिच्या मुलीचं होतं. चार महिन्यांपूर्वीचं. मावशी, आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण मेल वगैरे आता ती बघू शकत नाही. तुमचा फोटो तिने जवळ ठेवून घेतलाय. जमलं तर एकदा फोन करा. खाली नंबर.

बाईंनी तारीख पुन्हा पाहिली. तो आठवडा त्यांना चांगला आठवत होता. त्या आठवड्यात अण्णांनी सकाळी उठून स्वतःच्या हाताने चहा करून दिला होता, एकदा नाही, तीनदा. बाईंना इतकं नवल वाटलं होतं, की त्यांनी शेजारणीला मुद्दाम बोलावून सांगितलं होतं.

आता एकच कप्पा बघायचा राहिला होता. तो उघडायच्या आधीच त्यांना कळलं होतं त्यात काय आहे, तरी त्यांनी उघडला. मसुदे, अकरा. बबीचा पत्ता वर नीट लिहिलेला, विषय नीट लिहिलेला, अण्णांच्या सवयीप्रमाणे तारखेसकट. त्यांनी तोंडाने सांगितलेलं एकेक वाक्य, अण्णांनी सुधारून दिलेल्या शब्दांसकट, जसंच्या तसं. पाठवलेलं एकही नव्हतं.

लिहिलंच नसतं तर एक वेळ समजलं असतं. पण हा माणूस समोर बसून लिहून घेत होता, वाचून दाखवत होता, वर रुमाल देत होता. आपण नऊ वर्षं एका बंद कपाटाशी बोलत होतो आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो आपल्याला धीर देत होता. बाईंना रडू आलं नाही. त्यांना आपण फार मूर्ख आहोत असं वाटलं, आणि त्या वाटण्याची भयंकर चीड आली.

"काय गं, झालं का?" आतून आवाज आला. "गप्प का झालीस?"

"या इकडे," बाई म्हणाल्या.

अण्णा आले. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने अंदाज घेत. पडद्यावरचं त्यांना दिसत नव्हतं.

"मेहुणीच्या कप्प्यात चौतीस आहेत," बाई म्हणाल्या, "आणि मसुद्यात अकरा."

अण्णांनी खुर्चीची पाठ चाचपली आणि धरली. मग म्हणाले, "मी पॉप घे म्हणालो होतो."

"मी नाही घेतलं."

"मला घेतलं म्हणून सांगितलंस."

"हो. खोटं बोलले. का नाही पाठवलीत पत्रं?"

"पहिलं ठेवलं होतं फक्त आठवडाभर. तू रडून रडून लिहिलेलं, म्हटलं जरा शांत हो, मग बघू. तेवढ्यात तिचंच आलं. ते दाखवायचं, तर हे का नाही गेलं ते सांगावं लागलं असतं." अण्णा थांबले. "मग राहिलं ते राहिलंच."

"नऊ वर्षं?"

"ती आली, की तू वेगळी व्हायचीस. फोनवर बोललीस तरी दोन दोन दिवस माझ्याशी धड बोलायची नाहीस. हसायचात तुम्ही दोघी, आणि मी कोपऱ्यात. आईच्या वेळेनंतर ती गप्प झाली तर घर कसं शांत झालं. आपलं आपण दोघं. बरं चाललं होतं की नाही? सांग, बरं चाललं होतं ना?"

"तुमचं चाललं होतं."

"फाडलं तर नाही ना मी काही," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरचा दुखावलेपणा होता. "दुसऱ्या कुणी टाकून दिलं असतं. एकूण एक ठेवलंय, तारीखवार. काही गहाळ नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत या माणसाचा राग आला होता, कंटाळा आला होता, दयाही आली होती. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आपण याला ओळखत नाही.

"चार महिन्यांपूर्वी तिच्या मुलीचं आलं. ते वाचलंत?"

अण्णांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली.

"वाचलंत आणि चहा केलात."

"मला काही सुचेना," अण्णा म्हणाले. "तेव्हा सांगितलं असतं, तर तू गेली असतीस. आणि मग परत..."

वाक्य पुरं झालं नाही. बाईंनी मोबाइल उचलला. पडद्यावरचा नंबर बघून एकेक आकडा दाबला, एकही न चुकता. आयुष्यभर तेच काम केलं होतं. पलीकडे घंटा वाजली. चौथ्या घंटेला एका तरुण बाईचा आवाज आला.

"मी मावशी बोलतेय," बाई म्हणाल्या. "तुझी."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग भाची म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही आता नाहीच करणार."

"मला आज कळलं. आत्ता. तुझं पत्र मला आजपर्यंत दाखवलं नव्हतं." त्यांनी अण्णांकडे पाहिलं नाही. "कशी आहे ती?"

"बोलता नाही येत मावशी. लिहिताही नाही. पण ऐकू सगळं येतं. तुम्ही बोला, मी फोन तिच्या कानाशी धरते. उत्तर मात्र मिळणार नाही, चालेल ना?"

"चालेल."

फोन सरकवल्याचा, पांघरुणाचा आवाज झाला. मग श्वास ऐकू यायला लागला, जड, जरा घरघरणारा. हजारो लोकांचे आवाज कानावरून गेलेल्या बाईंना तो श्वास ओळखायला वेळ लागला नाही. आणि आता बोलायची वेळ आली तर त्यांना एक शब्द सापडेना. नऊ वर्षांचं काय सांगायचं, आणि कुठून? तुला पत्रं लिहिली होती गं, असं म्हणायचं, तर ते तिने का मानावं?

मग त्यांनी फोन डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने मसुद्यांतलं सगळ्यांत जुनं उघडलं आणि चष्मा सारखा केला.

"बबी, हे तुला लिहिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी. वाचते हां." त्यांनी आधी वरची तारीख वाचली. "बबी, फोन मी ठेवला. रागाने नाही ठेवला, लाजेने ठेवला. तू म्हणालीस ते खरं होतं. सगळ्यांना मी सांगते, की मला रजा मिळाली नाही. मी रजा मागितलीच नव्हती. आईला तसं पडलेलं बघायची मला हिंमत नव्हती. इस्पितळात राहून रोज दुसऱ्यांची माणसं जाताना ऐकते मी, पण आपली आई बघवणार नाही असं वाटलं. सगळं तुझ्या एकटीवर टाकलं. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही. सवडीने उत्तर दे. तुझी ताई."

अण्णा खुर्चीची पाठ धरून उभेच होते. हे पत्र त्यांनीच टाइप केलेलं होतं, एकेक शब्द त्यांना पाठ असणार. त्यांना आत जा असं कुणी म्हटलं नाही, आणि बसा असंही म्हटलं नाही.

फोनमध्ये श्वासाची लय बदलली होती. घशातून काहीतरी निघत होतं, शब्द नव्हता. मग भाचीचा आवाज आला, अगदी हळू.

"मावशी, ती रडतेय. पण फोन काढू देत नाही, हात धरून ठेवलाय माझा. अजून आहे का काही?"

"आहे," बाई म्हणाल्या. "अजून दहा आहेत."

त्यांनी वरची तारीख वाचली आणि दुसरं पत्र सुरू केलं.